थोरलीच्या पातेल्याचा नाद

माणसाला स्वप्नं पडायला झोपच लागली पाहिजे असं थोडंच आहे? धाकटीला ती उभ्या उभ्या पडत, आणि तीही ऐन कामात. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात, धुलाईखान्यात ती कामाला होती. वरच्या मजल्यावर पाहुणे ज्या टेबलांवर जेवत, त्यांची पांढरी कापडं खाली तिच्या हाती येत. दोन तापलेले रूळ होते. ओलं कापड त्यांच्यामध्ये एका बाजूने सरकवायचं आणि दुसऱ्या बाजूने निघालं की घड्या घालायच्या, एवढंच काम. पण वाफ इतकी असायची, की समोरची बाई दिसेनाशी व्हायची, भिंती विरघळायच्या आणि त्या धुक्यातून ते पांढरं कापड नुसतं वाहत राहायचं. मग धाकटीला वाटायचं, हे एकच लांबच लांब टेबल आहे. त्याला शेवटच नाही. दोन्ही कडांना माणसं बसली आहेत, ओळखीची, बिनओळखीची, असलेली, नसलेली. आणि पार टोकाला, वाफेतच कुठेतरी, थोरली उभी आहे हातात डाव घेऊन.

"अगं ए स्वप्नाळू, कापड जळतंय!" समोरची बाई ओरडायची, आणि टेबल विरून जायचं.

एकदा तर खरंच जळलं. मधोमध तळहाताएवढं भोक पडलं. मुकादमीण आली, भोकातून धाकटीकडे बघितलं आणि म्हणाली, "हे काही आता वर जायचं नाही. घेऊन जा घरी. तुझंच पुण्य आहे, तूच भोग."

धाकटीने ते घडी करून पिशवीत घातलं. देव देतो तेव्हा भोकासकट देतो, असं मनाशी म्हणाली आणि हसली. कारण टेबलावर घालायच्या कापडाचीच तिला विवंचना पडली होती.

त्याचं असं झालं. थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. वर्षाच्या शेवटी सगळे कारखाने, दुकानं, कचेऱ्या बंद राहत, त्या सुट्टीच्या दिवशी अख्ख्या घराण्याचं जेवण थोरलीकडे असायचं. तीन भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, एक आत्याबाई, आणि शिवाय दादा येताना रस्त्यातून ज्याला कुणाला हाताला धरून आणतील ते. दादा म्हणजे थोरलीचे यजमान, सगळ्यांत वडील भाऊ. रेल्वेच्या यार्डात त्यांची हयात गेली. उभ्या गाडीच्या बाजूने लांब दांड्याची हातोडी घेऊन चालायचं, प्रत्येक चाकावर एक टोला द्यायचा आणि कान देऊन ऐकायचं. चाक धड असेल तर खणखणतं, तडा असेल तर बद्द वाजतं. त्यांच्या कानातून तडा कधी सुटला नाही म्हणत.

पण दादांचं खरं वैभव होतं त्यांचा गळा. जेवणाआधी ते टेबलाशी बसून एक आख्यान गायचे. स्वयंपाकघराकडे पाठ, डोळे मिटलेले. गोष्ट दरवर्षी तीच. देव एकदा धुळीने माखून, भुकेला होऊन एका गरीब बाईच्या दाराशी जातो आणि जेवायला मागतो, ती गोष्ट. मध्येच थांबून सांगायचे, सांगता सांगता पुन्हा गायचे, कुणाच्या तरी फजितीचा किस्सा त्यात ओवून सगळ्यांना हसवायचे, आणि पुन्हा अलगद देवाच्या पायाशी आणून सोडायचे. आणि पाठीमागे थोरली, मोठ्या पातेल्यातलं सूप ढवळत उभी असायची. पालुपद आलं, की तिचा डाव पातेल्यात एकदा वाजायचा. ठण्ण. तो आवाज साधा नव्हता. खोल, गोल, ओला; तळ्याच्या पाण्याखाली कुणी घंटा वाजवावी तसा. त्या ठेक्यावर आख्यान पुढे चालायचं.

धाकटी लग्न होऊन आली तेव्हा या घरात तिचं कुणी नव्हतं. पहिल्या वर्षी ती टेबलाच्या कोपऱ्यात पाहुण्यासारखी बसली होती. पालुपदाचा तो ठण्ण कानावर पडला, आणि काय झालं कोण जाणे, तिला आपण इथलेच आहोत असं वाटलं. ते वाटणं पुढे कधी गेलं नाही.

या वर्षी उन्हाळ्यात थोरली गेली. दादांचा गळाही तिच्याबरोबर गेला. सुट्टी जवळ आली तसा मधल्या जावेने विषय काढला. मधलीचा नवरा फरशांच्या दुकानाचा मालक, घर मोठं, आणि जीभ त्याहून मोठी.

"मी तर म्हणते, हॉटेलात जाऊ," मधली म्हणाली. "ज्याचं त्याने खावं, ज्याचं त्याने बघावं. थोरल्या वहिनींसारखं भरलं पातेलं मांडणं आपल्याला कुणाला जमायचं आहे का? उगाच हसं व्हायचं. आणि दादांचंही मन रमत नाही आता."

दादा खिडकीबाहेर बघत होते. "यंदा येईन," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीपासून माझी वाट बघू नका. घर आवरायला काढलंय. यार्डातला एक जुना सोबती आहे लांब गावी, त्याच्याकडे जाऊन राहीन म्हणतो."

धाकटीला दिसलं, की त्या वाफेतल्या टेबलाला आता शेवट आला आहे. इथे, या खोलीत, या घटकेला. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "यंदा जेवण माझ्याकडे."

मधलीने भुवया वर केल्या. धाकटीच्या नवऱ्याने छताकडे बघितलं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "अगं, बोलण्याआधी एकदा माझ्या खिशाला तरी विचारायचं."

"त्याला काय विचारायचं? तो कधी काही बोलतो का?"

तो घरं रंगवायचा. थंडी पडली की भिंती वाळत नाहीत, म्हणून या दिवसांत कुणी रंगारी बोलावत नाही. घर धाकटीच्या पगारावर रांगत होतं. पण माणूस गमत्या. लोकांकडचे उरलेले रंग डब्याच्या तळाशी घेऊन यायचा आणि आपली खोली रंगवायचा. त्यामुळे त्यांच्या खोलीची एक भिंत कुणा डॉक्टरच्या दवाखान्याची फिकी हिरवी, दुसरी कुणा नवऱ्या मुलीच्या खोलीची गुलाबी, तिसरी शाळेची पिवळी. संध्याकाळी दिवा लावला, की ते सगळे रंग एकमेकांत उतरायचे आणि खोली शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी दिसायची.

सुट्टीच्या आदल्या दिवशी दादा स्वतः पातेलं घेऊन आले. तांब्याचं, आतून कल्हई केलेलं, दोन्ही हातांत मावणार नाही एवढं. ते त्यांनी जमिनीवर ठेवलं आणि कोटही न काढता उभे राहिले.

"हे तुझ्याकडे असू दे, धाकटे. जेवण यातच कर. लोकांना सवय आहे."

"तुम्ही ठेवा ना, दादा. वहिनींची आठवण."

"नको." ते जरा वेळ पातेल्याकडे बघत राहिले. "ती गेल्यावर कितीदा तरी डाव घेऊन बसलो यापाशी. काठावर वाजवलं, पोटावर वाजवलं, तळावर वाजवलं. पाणी घालून वाजवलं. तो आवाज काही येत नाही. पातेलं धड आहे, तडा नाही कुठे. मग मनात म्हटलं, आवाज तिच्या हातात होता, भांड्यात नव्हताच." ते दाराकडे वळले. "उद्या येतो. पण गा असं मला कुणी म्हणू नका. तेवढं सांग सगळ्यांना."

पाणी देऊ का, असं धाकटी विचारायच्या आत ते जिना उतरले होते.

आता जेवणाचं ऐका. तिने मोठ्या युक्तीने सगळं जमवलं होतं. बाजार उठता उठता भाजीवाली ज्या भाज्या स्वस्तात फुंकून टाकते त्या आणल्या: वाकडी गाजरं, जून भोपळा, मऊ पडलेले टोमॅटो. मसूर घातली, म्हणजे सुपाला अंग येईल. बेकरीवाल्याकडून कालचे पाव आणून लोण्याचा हात फिरवून भाजायला ठेवले. डाग पडलेली सफरचंदं चिरून थोड्या साखरेत मंद आचेवर शिजवली, तसा घरभर असा वास सुटला, की जिन्यावरचे शेजारी उगाचच वर-खाली करू लागले. हॉटेलचं कापड टेबलावर अंथरलं आणि भोक बरोबर मधोमध आणलं; त्यावर पातेलं बसलं की झालं.

सगळं झालं. आणि दुपार कलताना तिने सूप त्या पातेल्यात ओतलं.

ओतलं, आणि तिचं अवसानच गळालं. आपल्या भांड्यात काठोकाठ वाटलेलं सूप त्या अजस्र तांब्याच्या पोटात जाऊन एवढंसं डबकं झालं. पावसानंतर रस्त्यावरच्या खड्ड्यात साचतं तसं. तिच्या डोळ्यांसमोर टेबलाभोवतीची तोंडं आली. आत्याबाई मान लांब करून आत डोकावणार. मधली काही बोलणार नाही, नुसती नवऱ्याकडे बघणार. पोरं आपापली वाडगी पुढे सरकवायला लाजणार. आणि दादा एवढंसं घेऊन म्हणणार, "मला भूक नाही." सूप तसं सगळ्यांना एकदा, दीडदा पुरणार होतं. पण पातेल्याचा तळ दिसायला लागला, की माणसं जेवत नाहीत, हिशोब करतात. आणि हिशोबात आख्यान कुठून उठणार?

"देवा," ती पातेल्यातच बघून म्हणाली, "तू त्या बाईचं भांडं भरलंस म्हणतात. मला भरून नको देऊस. भरलेलं दिसेल एवढं तरी कर."

वारा आला आणि स्वयंपाकघराचं दार हललं, पण आपटलं नाही. दाराला एक वाडगं टेकवून ठेवलेलं होतं. पितळेचं, जाड, घमेल्याएवढं, आणि जड तर असं, की एका हाताने उचलेना. थोरलीने दिलेलं. आजारपणात एक दिवस तिने धाकटीला पलंगाखालून ते ओढून काढायला लावलं होतं. "घेऊन जा. जपून ठेव हं, फार कामाचं आहे." कशाच्या कामाचं, ते विचारायच्या आत थोरलीला ग्लानी आली होती. धाकटीने त्यात पीठ मळून बघितलं, पण ते उचलताना कंबर धरली. मग त्याची नेमणूक दार अडवायच्या कामावर झाली.

धाकटी वाडग्याकडे बघत राहिली. मग पातेल्याकडे. मग पुन्हा वाडग्याकडे.

तिने सूप परत काढलं. वाडगं घासूनपुसून लख्ख केलं, पातेल्याच्या तळाशी पालथं घातलं आणि वरून हळूहळू, धार धरून सूप सोडलं. वाडगं इतकं जड, की पोटात हवा धरूनही जागचं हललं नाही. सूप त्याच्या अंगावरून चढत गेलं, चढत गेलं, पाठ बुडाली, आणि थांबलं ते काठाच्या जरा खाली. केशरी, दाट, तुडुंब. वाफेच्या आड ते पातेलं असं दिसत होतं, की आतून झराच फुटला असावा.

तिला आधी हसू आलं. मग रडू. मग भीती वाटली. तिने मनाशी बेत पक्का केला: पहिला हात टेबलावर वाढायचा, वरचा वरचा, डाव खोल जाऊ द्यायचा नाही. वाडग्याची पाठ उघडी पडायच्या आत 'गार झालं हं, गरम करून आणते' म्हणून पातेलं आत न्यायचं. डाव आपल्याच हातात ठेवायचा.

दिवेलागणीला सगळे आले. रंगारी दारात उभा राहून प्रत्येकाचे कोट घेत होता आणि प्रत्येकाला कोणती भिंत कुणाच्या घरची ते सांगत होता. "तू बस गुलाबीकडे, तुला शोभेल," तो मधल्या भावाला म्हणाला. पोरं खिदळली. बाहेर धुकं दाटलं होतं. खिडकीच्या काचा वाफेने पांढऱ्या झाल्या आणि खोली ढगात तरंगत असल्यासारखी वाटू लागली. दादा शेवटी आले. दाराजवळच्या खुर्चीत बसले. कोट दिला नाही.

"कोट तरी काढा, दादा," मधला म्हणाला.

"राहू दे. फार वेळ नाही बसणार."

धाकटीने आणि रंगाऱ्याने मिळून पातेलं आणलं आणि भोकावर ठेवलं. सगळ्यांच्या माना एकदम पुढे आल्या.

"अगंबाई!" मधलीच्या तोंडून निघून गेलं. "एवढं?"

"वा गं पोरी," आत्याबाई म्हणाल्या. "थोरलीच्या वरताण की. आम्ही आपलं पोटाला जरा आधार म्हणून घरून खाऊन निघालो."

"तुम्ही दरवर्षीच खाऊन निघता, आत्याबाई," रंगारी म्हणाला. "आणि दरवर्षी जागा निघते."

"गप रे! अंगात रंगाचाच वास येतोय तुझ्या, चव कुठली कळायची तुला?"

हसू उठलं. माणसं खुर्च्यांत सैलावली. पातेलं भरलेलं दिसलं, की माणसाच्या मनातली गाठ कशी सुटते, ते धाकटी बघत होती. पोरांनी हक्काने वाडगी पुढे केली. ती वरचं वरचं वाढत होती, मुलाच्या अंगावरून पांघरूण काढावं तशी हलक्या हाताने. फक्त दादांची नजर पातेल्यावर नव्हती. ते स्वयंपाकघराच्या रिकाम्या दाराकडे बघत होते. आख्यानाची वेळ आली आणि कुणी काही बोललं नाही. मधलीने पाव मोडला. मधल्याने घसा साफ केला. ती वेळ तशीच निघून चालली होती, आणि धाकटीला कळत होतं की ती आता कायमचीच चालली.

"हे काय गं?" आत्याबाई आपल्या पुढ्यातल्या वाडग्यात बघून म्हणाल्या. "मला वरचं पाणी वाढतेस होय? मसूर सगळी तळाला. तळचं घाल."

"घालते हं, आत्याबाई, आधी गरम करून..."

"गरमच आहे! तोंड भाजलं माझं. आण तो डाव इकडे. तुझा हात चोर आहे."

आणि धाकटी पुढे व्हायच्या आत आत्याबाईंनी डाव ओढून घेतला, उभ्या राहिल्या आणि पदर सावरून सगळ्या जोरानिशी तो खाली घातला.

ठण्ण.

खोल. गोल. ओला. पाण्याखाली घंटा वाजल्यासारखा.

खोलीतला आवाज एकदम विझला. भिंतींचे रंगसुद्धा ऐकायला थांबल्यासारखे झाले. धाकटीने डोळे मिटून घेतले. संपलं, तिला वाटलं. आता विचारतील, तळाला काय आहे; आणि जन्मभर या घरात 'पालथ्या वाडग्याची बाई' म्हणून आपलं नाव राहील.

"तळाला काय आहे गं?" मधलीने विचारलंच.

पण खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. धाकटीने डोळे उघडले. दादा उभे होते. यार्डात चाकाशी वाकून उभे राहत तसे, मान एका बाजूला कलती, कान पुढे.

"आत्या," ते म्हणाले, "पुन्हा वाजव."

"मी काही वाजवलं नाही बाबा, मी मसूर..."

"वाजव म्हणतो ना."

ठण्ण.

दादांचा चेहरा असा झाला, की बघणाऱ्याला वाटावं कुणीतरी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आहे. ते टेबलापाशी आले. "धाकटे," त्यांचा आवाज हलत होता, "काय केलंस तू या पातेल्याला? उन्हाळ्यापासून मी शोधतोय हा. कुठे होता?"

आता बघा, तिला काहीही सांगता आलं असतं. 'नशीब', 'देवाची करणी', असं म्हणून डोळे पुसले असते तरी सगळ्यांनी मान डोलावली असती. पातेलं भरलेलंच राहिलं असतं. पण दादा असे बघत होते, की त्यांच्यापुढे खोटं बोलणं म्हणजे तहानलेल्याच्या हातात रिकामा पेला देणं. तिने बाह्या वर केल्या. डाव आणि झाऱ्याच्या आधाराने, बोटं भाजत, सगळ्यांच्या देखत तिने वाडगं उपसून बाहेर काढलं आणि त्या पांढऱ्या कापडावर ठेवलं. पातेल्यात मोठा बुडबुडा फुटला, आणि तुडुंब दिसणारं सूप सरसर खाली गेलं. खाली, खाली, पार डबक्याएवढं.

"एवढंच आहे, दादा," ती म्हणाली. "मला लाज वाटली. म्हणून हे पालथं घातलं आत. पुरेल सगळ्यांना, पण... एवढंच आहे."

केशरी ओघळ कापडावरून पसरत होता. मधलीचं तोंड उघडं होतं, पण त्यातून काही येत नव्हतं. असा योग तिच्या संसारात पहिल्यांदाच आला असावा.

दादांनी वाडग्यावर हात फिरवला. "हे भांडं कुठलं?"

"वहिनींनी दिलं. आजारी होत्या तेव्हा. म्हणाल्या, जपून ठेव, फार कामाचं आहे."

दादांनी पातेलं दिव्याखाली तिरकं केलं. सूप एका बाजूला गेलं आणि तळ उघडा पडला. कल्हईवर एक गोल होता. झिजलेला, आतलं तांबं दाखवणारा, वर्षानुवर्षं एकाच जागी काहीतरी जड टेकत आल्यासारखा. त्यांनी वाडग्याच्या काठाकडे बघितलं, मग गोलाकडे, आणि त्यावरून बोट फिरवलं. सगळीकडून.

"मी रस्त्यातून माणसं आणायचो," ते हळू म्हणाले. "चला म्हणायचो, आमच्याकडे काय कमी आहे! आणि मागे वळून बघितलं, की पातेलं भरलेलं. दरवर्षी. पगार उशिरा झाला त्या वर्षी. संप झाला त्या वर्षी. मला वाटायचं, देव भरतोय." त्यांनी डोळे पुसले. "जन्मभर चाकांचा आवाज ओळखला. कुठे पोकळ, कुठे भरीव, एका टोल्यात सांगायचो. आणि पाठीमागे माझ्या घरचं पातेलं मला दरवर्षी सांगत होतं, अरे बाबा, मी आतून पोकळ आहे, तर मी त्यावर ठेका धरून गात होतो!"

आणि ते हसले. रडता रडता हसले. आधी पोरांना कळेना काय करावं, मग रंगारी हसला, मग आत्याबाई पोट धरून खाली बसल्या. "बया!" त्या म्हणत होत्या. "आणि मी दरवर्षी तिसऱ्यांदा मागून घ्यायची! काय म्हटलं असेल गं तिने मनात?"

हसली नाही ती एकटी मधली. ती वाडग्याकडे बघत होती. "मी मात्र," ती म्हणाली, आणि तिचा आवाज धाकटीने कधी न ऐकलेला, अगदी लहान होता, "इतकी वर्षं घाबरत राहिले. घर मोठं, पैसा आहे, तरी कधी म्हटलं नाही माझ्याकडे या. वाटायचं, त्या पातेल्यापुढे माझं काय दिसणार? म्हणून तर हॉटेल हॉटेल करत होते."

दादांनी वाडगं दोन्ही हातांनी उचललं. "धाकटे," ते म्हणाले, "घाल परत आत."

"आता कशाला, दादा? आता तर सगळ्यांनी बघितलं."

"बघितलं म्हणून काय झालं? देवाला काय ठाऊक नव्हतं? तोही दरवर्षी जेवून जातच होता की."

तिने वाडगं पालथं घातलं. त्या झिजलेल्या गोलात ते असं बसलं, जसं पाखरू घरट्यात. सूप पुन्हा चढलं. वाढून झाल्यामुळे काठापर्यंत नाही, वाडग्याच्या खांद्यापर्यंत. पितळेची पाठ मध्ये चमकत होती, तळ्यातल्या बेटासारखी. दादांनी कोट काढला. रंगाऱ्याने तो घेतला आणि खुंटीवर न टांगता जवळच धरून ठेवला, न जाणो पुन्हा मागतील. पण ते बसले. स्वयंपाकघराकडे पाठ, डोळे मिटलेले.

गळा आधी गंजलेल्या बिजागरीसारखा करकरला. मग हळूहळू उघडत गेला.

"कोण उभं गं उंबऱ्याशी, पाय धुळीनं माखलेले,
पोटी भूक नि ओठी हासू, दोन डोळे की दिवे लावले..."

गोष्ट तीच होती. देव दाराशी आला, बाई ओशाळली, आत गेली. पण या वर्षी ती बाई आत जाऊन रिकाम्या भांड्यापाशी जरा जास्त वेळ उभी राहिली. दादांनी तिला तिथे उभं ठेवलं, तिचे हात गायले, तिची युक्ती गायली, तिचं बाहेर येतानाचं हसू गायलं. आणि देव भांड्याकडे बघून सगळं ओळखून कसा गालात हसला, तेही.

"वाढ गं माये, असेल ते वाढ, देव जेवतो थोडं,
उरलंसुरलं तुझ्या हातचं त्याच्या तोंडी गोडं..."

धाकटीने डाव अलगद त्या चमकत्या बेटावर टेकवला. ठण्ण. सूप कमी होतं, म्हणून आवाज जरा उघडा आला, जरा वर, जरा तरुण. दादांनी मान डोलावली आणि तो नवा सूर धरून पुढे निघाले.

वाफ वर चढत होती. शाळेची पिवळी, दवाखान्याची हिरवी आणि नव्या नवरीची गुलाबी भिंत त्या वाफेत मिसळून गेली, आणि धाकटीला दिसलं, टेबल पुन्हा लांबत चाललं आहे, खिडकीच्या पांढऱ्या काचेतून पार धुक्यात. दोन्ही कडांना माणसं आहेत. टोकाला उभं कोण, हे बघायला या वेळी तिने मान वळवली नाही. डाव तिच्याच हातात होता.

पालुपद संपता संपता मधली तिच्या कानाशी वाकली.

"पुढच्या वर्षी हे पातेलं माझ्याकडे. दादांनाच आणायला लावीन, म्हणजे कुठे लांब गावी जातात तेच बघते."

"न्या की, ताई. तुमच्याकडे तर वाडग्याची गरजही पडायची नाही."

"वा गं शहाणे," मधली म्हणाली. "वाडग्याशिवाय नेऊन काय करू? ते दादा गाणार कशावर? आधी पालुपद सांभाळ तुझं, चुकशील."

ठण्ण.